निळ्या केसांच्या गायकामागं पळालेली म्हैस

“अगं ए, थांब! मालक हिकडं हाय!” मंगळवार पेठेत मी असा बोंबललो की पार पन्हाळ्यावरचे कावळे उडाले असतील. पण माझी म्हैस शेपूट वर करून पळत सुटली होती, माझ्याच मोटरसायकलमागं. आणि गाडीवर बसला होता तो निळ्या केसांचा गायक.

आमच्या गल्लीतल्या पोरांचा पॉप-पंक बँड आहे. प्रेमभंगाचं रडगाणं उड्या मारत, गिटारी बडवत म्हणायचं, असा तो प्रकार. पहिल्या गाण्याच्या व्हिडिओत त्यांना दिवाळीच्या पाडव्याला पळवतात तशी म्हैस पळवायची होती. चार पाडवे तिला गाडीमागं पळवणारा मीच. म्हणून म्हैस दिली, गाडी दिली, शिंगं रंगवली, स्वतः घोटून दाढी केली. तर डायरेक्टर म्हणतो, “काका, तुम्ही जरा बाजूला उभं राहा.”

मी हसलो. म्हटलं, माझ्याशिवाय ती हलली तर मिशी उतरवतो.

हलली कसली, हरणासारखी उधळली! आता अर्धं जग तो व्हिडिओ बघतंय आणि त्यात माझं फक्त कोपर दिसतंय. मिशी गेली ती वेगळीच.

दोन दिवस मी म्हशीशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी गोठ्यात बायकोला विचारलं, “त्या निळ्या टाळक्यात काय बघितलं गं हिनं?”

धार काढता काढता बायको म्हणाली, “ती गाडीच्या आवाजामागं पळती. वर कोण बसलंय, ते तिनं कधी बघितलंय?”