दोन वर्षांची चटणी

माझी दहावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात आईनं दुप्पट मिरच्या आणल्या. नव्वदीतली मधली वर्षं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात वर्षाची चटणी एप्रिलात व्हायची. मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, कांदा, लसूण, खोबरं भाजायचं आणि सगळं डंकावर कुटून आणायचं. देठं खुडायचं काम माझं. तो ढीग बघूनच माझं डोकं फिरलं. सुट्टी वाया गेली म्हणून मी दोन दिवस फणफणत होते.

आईच्या काखेत गाठ आली होती. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी ती काढून तपासायला पाठवली होती आणि रिपोर्टला पंधरा दिवस लागतील म्हणाले होते. हे मला ठाऊक होतं. त्याचा मिरच्यांशी संबंध असेल, असं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

टाके ओले होते, त्यामुळं भाजायला अक्का आली. अक्का म्हणजे आईची थोरली बहीण, निपाणीकडं दिलेली. तिनं चुलीवर कढई ठेवली, खोबऱ्याच्या वाट्यांकडं बघितलं आणि विचारलं, "एवढं कशाला?"

"मी न्हाय राहिले तर ह्यांना कोण करून घालणार?" आई म्हणाली. "पोरीची बारावी होईस्तोवर तरी पुरंल."

मी देठं खुडायची थांबले. मिरची लागलेल्या हातानं डोळे पुसता येत नाहीत, म्हणून तशीच बसून राहिले.

"रिपोर्ट आला?" अक्कानं विचारलं.

"न्हाय अजून."

"मग न आलेल्या रिपोर्टाची चटणी आत्ताच कशाला कुटतीस? निम्मं बांधून ठेव. वाईट आलं तर तवा बघू की. मी मेले न्हाय अजून."

आईनं ऐकलं नाही. अक्कानं पुन्हा सांगितलं नाही. ती सगळं खोबरं भाजत बसली.

ही चटणी वर्षभर टिकते. त्यापुढं खोबरं खवट होतं. हे कोल्हापुरातल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं, आईलाही होतं. तरी ती आठ किलो मिरची घेऊन डंकावर गेली. नंबर लावून बसलेल्या एका बाईनं विचारलं, "लगीन काढलंय व्हय घरात?" आई सरळ "व्हय" म्हणाली. मी शिंकण्याचं निमित्त करून बाहेर गेले.

रिपोर्ट आला. गाठ साधी, चरबीची होती. आईनं तो कागद कपाटात साड्यांखाली ठेवला आणि कुकर लावला. वडील बराच वेळ पंख्याखाली बसून होते. आमच्या घरात आनंद याहून जास्त कधी दिसला नाही.

भरलेल्या दोन बरण्यांतली पहिली वर्षभर पुरली. पुढच्या एप्रिलात शेजारच्या अंगणांत मिरच्या पडल्या. आमच्याकडं नाही, कारण दुसरी बरणी भरलेली होती. अक्का चार दिवस राहायला आली होती, तेव्हाच आईनं त्या बरणीचं फडकं सोडलं. वर हिंगाचे खडे जसेच्या तसे होते, पण चटणीचा रंग विटकरी झाला होता आणि वास खवट. आईनं जिभेवर चिमूट ठेवली, थुंकली आणि रडायला लागली. गाठ काढताना रडली नव्हती, रिपोर्टाच्या दिवशी रडली नव्हती. मला तिचा राग आला आणि तितकीच तिची दयाही आली.

मला वाटलं, आता अक्का म्हणणार, मी सांगितलं नव्हतं? तिनं बरणी ओढून घेतली, वास घेतला आणि फडकं पुन्हा बांधलं.

"खवट झाली तर होऊ दे," ती म्हणाली. "करणारी हाय की घरात."

आईनं पदरानं नाक पुसलं. त्या दुपारी आम्ही तिघी मिरच्या आणायला गेलो. एका वर्षाच्या.