बावन्न तासांचा हुंकार

जगात बोलणारे पैशाला पासरी मिळतात, पण ऐकणारा म्हणाल तर आमच्या मोठ्या साडूंच्या तोडीचा माणूस अख्ख्या वऱ्हाडात नाही. आणि हे मी तेल्हाऱ्यापासून धामणगावापर्यंतची सगळी सोयरीक ध्यानात घेऊन सांगतो आहे. जन्मभर त्यांनी जिनिंगमध्ये कापसाची प्रत पारखली. निवृत्त होऊन अकोल्यात आले, काचबिंदूनं वाचन बंद पाडलं, आणि तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, गेली. घरात बोलणारं कुणी उरलं नाही, तेव्हा पुण्याच्या लेकीनं त्यांच्या फोनमध्ये एक जाडजूड कादंबरी भरून दिली. कुणा बाईंनी वाचलेली, चांगली बावन्न तासांची. तुम्ही-आम्ही ती महिन्याभरात ऐकून मोकळे झालो असतो. साडूंना दीड वर्ष लागलं.

कारण त्यांचं ऐकणं म्हणजे नुसतं कान देणं नव्हे. आमच्याकडे कुणी गोष्ट सांगायला लागलं की समोरच्यानं हुंकार द्यायचा असतो. तो थांबला की सांगणारा समजतो, गडी झोपला, आणि गोष्ट मिटवून टाकतो. साडू फोनलाही वाक्यावाक्याला "हाव", "मंग?", "अरे बापा!" असा हुंकार देत. एकदा कादंबरीला दिलेला "हाव" फाटकाशी उभ्या असलेल्या भाजीवालीनं आपला समजून दोन किलो वांगी तोलली. साडूंनी आठवडाभर तीच खाल्ली. बाईंना ते आठवड्यातून एकाच बैठकीला, तेही तासाभरावर वाचू देत नसत. "तिले दम लागन ना, मास्तर!" मी एकदा वेग वाढवून ऐकायची युक्ती दाखवली, तर उखडलेच. "कोनी आपल्याले मनापासून सांगून राहिलं, त त्याले 'आटप लवकर' मनता काय तुमी?" तीस वर्षं वर्गातल्या पोरांना मी तेच म्हणत आलो, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मागच्या चैत्रात सकाळी सातला त्यांचा आमच्याकडे अमरावतीला फोन आला. "मास्तर, म्हातारी गेली." एवढंच बोलून ठेवून दिला. त्यांची चुलती हिवरखेडला अंथरुणाला खिळलेली. बायकोनं डोळ्याला पदर लावला, मी पिशवीत दोन कपडे कोंबले आणि आम्ही दोघांनी मिळाली ती बस धरली. अकोल्याला पाहतो तर साडू दाढी न करता, गॅस न पेटवता बसलेले.

"हिवरखेडले कवा निघाचं, भाऊजी?" बायकोनं रडतच विचारलं.

"हिवरखेडले कावून? काकू चांगली हाये, काल पोहे मांगून खाल्ले तिनं. पुस्तकातली म्हातारी गेली. लेकाले पाहाले तरसत गेली बिचारी. कोनाले सांगू मंग? तुमाले सांगतलं."

बायकोनं त्यांची चांगली हजेरी घेतली. मग मुकाट्यानं पदर खोचून पिठलं-भाकरीला लागली, कारण ज्याच्या घरी मयत, त्याला सोयऱ्यांनी जेवू घालायचं असतं.

आणि असा माणूस शेवटचा अर्धा तास उरला असताना ऐकायचा थांबला. महिना झाला, दोन झाले. विचारलं की म्हणत, "आज टाइम नाई." रिकाम्या घरात टाइमाची कसली टंचाई! एका रविवारी मी जाऊन खनपटीलाच बसलो, तेव्हा हळूच म्हणाले, "संपलं त घरात कोन बोलन, मास्तर?"

"मी बसतो बाजूले," मी म्हटलं. "आयकून टाकू."

ऐकलं. साडूंनी एकही हुंकार चुकवला नाही. बाई थांबल्या आणि शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी एकदम मोठी ऐकू आली. पुन्हा पहिल्यापासून लावू का, असं मी विचारलं.

"नाई. जीव लावून सांगतलं तिनं. पुन्हा सांगाले लावलं, त आपन आयकलंच नोयतं असं होते."

माझी पाचची गाडी होती. मी चपला शोधायला लागलो. जन्मात कुणाला 'थांबा' न म्हटलेला हा माणूस भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "साडेसहाची बी हाये ना गाडी."

मी बसलो. बोलायला काही सुचेना, म्हणून आमच्या गल्लीतल्या नळाची, माझ्या गुडघ्याची, बायकोच्या भिशीतल्या भांडणाची रटाळ हकीकत सांगत सुटलो. साडेसहाची गाडी गेली. साडेसातचीही गेली. त्यानंतरच्या गाडीत अमरावतीअलीकडचं बडनेरा येईपर्यंत मला एकच गोष्ट सलत होती, की माझ्या भरल्या घरात माझं इतकं कुणी कधी ऐकून घेतलं नव्हतं.