पापलेट आणि अडलेलं विवरणपत्र

पापलेट पानात आलं की रियाधचं ते प्रकरण अजूनही डोळ्यांपुढे उभं राहतं. मी घास घेण्याआधी माशाची पाठ निरखतो आणि बायको वैतागते, "अहो, खा की! काय पंचनामा करताय?" तिला काय सांगणार? एक हरवलेला माणूस मला अशा पाठीवरून सापडला होता.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मी रियाधला आपल्या दूतावासात सुरक्षेच्या कामावर प्रतिनियुक्तीवर होतो. तिथे मला ना अटकेचा अधिकार, ना कोठडी. वर्दी नसलेला पोलीस म्हणजे नुसता चौकस शेजारी. दिवस धास्तीचे होते. एकेका कामावर सौदी माणसंच ठेवायची असे नियम येत होते आणि मोबाइलच्या दुकानांपासून हिशेबाच्या टेबलांपर्यंत आपली माणसं उठवली जात होती. ज्याला भेटावं तो एकच विचारी, "तुमचं अजून चालू आहे ना?"

अशात एक दिवस रत्नागिरीकडचे एक वयस्कर गृहस्थ आले. रियाधच्याच ओलाया भागातल्या एका कचेरीत हिशेबनीस. सगळे त्यांना चाचा म्हणत. खुर्ची दिली तरी बसेनात.

"साहेब, आमचा माणूस पळाला. आमचं म्हातारपण घेऊन पळाला."

हकीकत अशी. त्यांच्या गावच्या इथल्या मंडळींनी म्हातारपणासाठी स्वतःचा निधी उभारला होता. गावी त्याची ट्रस्ट म्हणून नोंद होती आणि कारभार सगळा आपसात. दरवर्षी आयकराचं विवरणपत्र भरायचं काम मोबाइलच्या दुकानात काम करणाऱ्या एका विश्वस्ताकडे होतं. भरताना मोबाइलवर जो कोड येतो, तो त्याच्या सौदी नंबरवर येई. त्याचा फोन कित्येक महिने बंद होता. एक विवरणपत्र चुकलं, नोटीस आली, आता या वर्षाची मुदतही जवळ आली होती. तीही चुकली तर निधीची करसवलत जाणार आणि दंडात बराचसा पैसा वाहून जाणार. चाचांची नोकरी महिनाअखेरीस संपत होती. त्यांना त्याच निधीच्या भरवशावर घरी जायचं होतं.

इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपला की सिम मरतं हे तिथे शेंबडं पोरही जाणतं. तरी या शहाण्या माणसांनी सगळ्यांच्या म्हातारपणाची किल्ली एका सौदी सिमला बांधली. पण इकामा आपला एक दिवस संपणार हे तिथे कोणी स्वतःशीही बोलत नसे.

मला चैन पडेना. शुक्रवारी गावची मंडळी एका खोलीत एकत्र जेवत. चौकशीसाठी मीही गेलो. एकेकाला विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, "माहीत नाही." इतकं एकसारखं उत्तर आलं की पोलिसाचे कान टवकारतात. चाचा त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरत होते आणि बाकीचे खाली मान घालून जेवत होते.

मग माझ्या पानात भरलेलं पापलेट आलं. पोट शाबूत आणि पाठीत चीर देऊन आत हिरवी चटणी भरलेली, थेट आमच्या किनाऱ्यावरच्यासारखी. रियाधचा मासेवाला पोट फाडून हातात देतो, हे मी रोज पाहत होतो. स्वयंपाक करणारा बेपत्ता माणसाचा मेहुणा होता. मी उठून त्याच्या मागोमाग आत गेलो.

"मासे कुठले?"

"बाजारातले, साहेब."

"पाठ कोणी चिरली?"

"मीच."

"सुरी दाखवा बरं."

त्याने एकुलती एक सुरी पुढे केली. मी बोट फिरवलं. "हिने टोमॅटोसुद्धा चेंगरेल. पापलेट कसं चिरलंत?"

एवढ्यात चाचा दारात येऊन उभे राहिले. त्यांना पाहून मेहुण्याचा बांध फुटला.

"चाचा, ज्याच्या नावाने बोटं मोडताव ना, त्याच्याच हातचे मासे दर जुम्म्याला खाताव! कतीफला आहे तो. बर्फात घालून पाठवतो."

खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. शिव्या ऐकून घेत होते आणि त्याला लपवतही होते. कळलं नव्हतं ते फक्त चाचांना.

दुसऱ्याच दिवशी आम्ही पूर्व किनाऱ्यावरचं कतीफ गाठलं. वाटभर चाचा, "यल्ला, यल्ला," म्हणत ड्रायव्हरला पिटाळत होते. माणूस मासळी साफ करण्याच्या शेडमध्ये सापडला. आम्हाला पाहून पळाला नाही, हातातला मासा खाली ठेवला फक्त.

"लाज नाही वाटली?" चाचा ओरडले.

"लाज वाटली म्हणूनच लपलो, चाचा. परदेशी माणसं दुकानातून काढली. इकाम्याचं विचारलं की कफील म्हणायचा, बुकरा, बुकरा. त्याचा उद्या काही आला नाही. वर त्यानेच हुरूब लावला."

कफील म्हणजे ज्याच्या नावावर इकामा मिळतो तो मालक, आणि हुरूब म्हणजे कामगार पळून गेल्याची त्याने केलेली नोंद. त्यानंतर माणूस रस्त्यावर दिसला की पकडला जातो.

"मग आम्हाला सांगायचं! दुसरा नंबर घातला असता."

"त्याला माझी समक्ष सही लागते. रियाधच्या वाटेवर चौक्या आहेत. वाटलं, कफीलचं मन वळेल, एकदा सिम चालू झालं की गुपचूप भरून टाकीन."

अशा लोकांना दंडाशिवाय मायदेशी जायची सवलत तेव्हा चालू होती. मी म्हटलं, "कागद मी करून देतो. घरी जा, नवं सिम घे, नंबर बदल आणि मुदतीआधी भर."

"गेलो की परत येणं नाही, साहेब. पोरं शिकतायत. तुमचं म्हातारपण वाचेल, माझी जवानी?"

कायदा मला पाठ होता, पण त्या प्रश्नाचं कलम त्यात नव्हतं. त्याने नळाखाली बराच वेळ हात धुतले, वास जात नव्हता तरी. मग म्हणाला, "चला."

तो गेला आणि आमची घालमेल सुरू झाली. चाचा उठता-बसता फोन करत, "आलं का काही?" मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी त्याचा निरोप आला: "झालं, साहेब." चाचा माझ्यासमोर रडले.

पळालेला माणूस आणि अडकलेला माणूस तक्रारीच्या कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. फरक कळायला त्याच्याबरोबर जेवणारी माणसं पाहावी लागतात. इतक्या वर्षांच्या खाकीने मला हे शिकवलं नव्हतं.

चाचा आता गावी निधीतून मिळणाऱ्या पैशावर स्वस्थ आहेत. मागे सभेत कोड दुसऱ्या कोणाच्या नंबरवर घ्यायचा ठराव आला होता, तो त्यांनीच हाणून पाडला. त्या माणसाचं गावच्या बाजारात मासळीचं दुकान आहे. त्याची निधीची पाळी यायला अजून बरीच वर्षं आहेत, तोवर तो इतरांसाठी विवरणपत्र भरतो. दरवर्षी भरून झालं की मला तोच निरोप पाठवतो. निधीत माझी दमडी नाही, तरी मुदत जवळ आली की मी फोन खिशात ठेवत नाही, हातात धरून बसतो.