पेपराला पडलेले भोक

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी तीन वर्षांत चार पुस्तके वाचली आणि चोरीची एक कबुली लिहून दिली. पुस्तके विसरलो. कबुली विसरत नाही, कारण चोरी माझी नव्हती आणि सही माझी होती.

गोष्ट सत्तरीच्या दशकातली, भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. मी आसगावकडून सायकलने कॉलेजला यायचो. ग्रंथालय म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला काचेची कपाटे, कपाटांना कुलपे. पुस्तक हवे असेल तर चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचे. ग्रंथपाल सर चिठ्ठी वाचायचे, मग आपल्याला वरपासून खालपर्यंत वाचायचे आणि विचारायचे, "हे तुले कायले पाहिजे?" या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर तीन वर्षांत कोणी दिल्याचे मला आठवत नाही. पुस्तके त्यामुळे फार चांगल्या स्थितीत होती. 'शांतता राखा' अशी पाटी होती आणि तिच्याखाली बसून सर दिवसभर मोठमोठ्याने बोलायचे.

कुलपाबाहेर एकच गोष्ट असायची, ती म्हणजे पेपर. तो लाकडी दांडीत अडकवलेला असे. सकाळच्या बसने नागपूरहून यायचा, आधी प्राचार्यांकडे जायचा, मग ऑफिसात, मग प्राध्यापकांच्या खोलीत, आणि दुपारी दोनच्या सुमारास आमच्यापर्यंत पोचायचा. पोचायचा तेव्हा त्याला बहुधा भोक पडलेले असे.

भोक नेहमी नोकरीच्या जाहिरातींच्या पानावर. ते दाढीच्या ब्लेडने केलेले असे आणि ते ब्लेड सरांच्या टेबलाच्या खणात असे. सरांना एक मेहुणा होता. तो बी.ए. होऊन त्यांच्याच घरी राहत होता आणि दोन्ही वेळा जेवत होता. बहिणीच्या संसारात मेहुणा किती दिवस जेवू शकतो याला मर्यादा असते. सर ती मर्यादा ब्लेडने गाठू पाहत होते.

बाकीची पोरे भोक पाहून शिव्या द्यायची. मी शिव्या दिल्या नाहीत, विचार केला. पन्नास जाहिरातींतून सर एकच कापतात. म्हणजे जी कापली तीच कामाची. एवढी निवड तर रोजगार कार्यालयही फुकटात करून देत नव्हते. मी रोज दुपारी ग्रंथालयात जाऊन भोकाची जागा पाहायचो, कितवा रकाना, वरून किती बोटे, आणि मग थेट चौकातल्या न्हाव्याच्या दुकानात. त्याच्याकडे तोच पेपर यायचा. गावात आणखीही घरांत येत असेल, पण ज्यांच्या ओट्यावर मी विचारल्याशिवाय चढू शकत होतो अशा जागा दोनच, न्हाव्याचे दुकान आणि बसस्टँडवरचे भजीचे हॉटेल.

न्हाव्याशी माझा करार होता. रविवारी गर्दी असते तेव्हा बसलेल्या गिऱ्हाइकांना मी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. बदल्यात आठवडाभर पेपर पाहायचा. त्याने आधी तीन तास मागितले होते. मी दीड तासावर आणले.

शेवटच्या परीक्षेनंतरची गोष्ट. एके दिवशी भोक नेहमीपेक्षा मोठे होते, जवळजवळ तळहाताएवढे. मी धावत चौकात गेलो. धान खरेदीच्या गोदामावर कारकुनाची जागा होती, कायम, आणि आपल्याच जिल्ह्यात. खाली अर्जाचा नमुना छापलेला होता आणि अट होती की हाच नमुना कापून, भरून पाठवावा. हाताने लिहिलेला अर्ज चालणार नाही. शेवटच्या तारखेला पाच दिवस उरले होते.

"भाऊ, हा तुकडा कापून दे."

"पेपर वाचाले देतो म्हणलो होतो," न्हावी म्हणाला, "खायाले नाही."

दोन जादा रविवारांवर सौदा पटला. त्याने वस्तऱ्याने तुकडा असा सरळ कापला की पट्टी लावल्यासारखा.

अर्जासोबत कॉलेजचा वर्तणुकीचा दाखला लागत होता. दाखल्यासाठी ग्रंथालयाची 'काही बाकी नाही' अशी चिठ्ठी लागत होती. दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर उभा राहिलो आणि इथेच माझी अक्कल घसरली. भरलेला नमुना हातातच होता. चिठ्ठी लिहायला घेता घेता सरांची नजर त्याच्यावर गेली. माणसाने स्वतः खड्डा खणून झाकून ठेवावा आणि दुसराच त्यातून बाहेर यावा, तसा त्यांचा चेहरा झाला.

"हे तुले कोठून भेटलं?"

"पेपरातून."

"कोणत्या पेपरातून?"

ग्रंथालयाच्या पेपरात भोक आहे हे मला कसे कळले, हे मी सांगू शकत होतो. ते भोक कोणी पाडले, हे सर सांगू शकत नव्हते. मग सर उठले, दांडीसकट कालचा पेपर घेऊन आले, टेबलावर पसरला आणि माझा तुकडा त्या भोकावर ठेवला. बसला. तोच पेपर, तीच जाहिरात, बसणारच.

"पाहा रे पोट्टेहो," सर खोलीला म्हणाले, "चोर सापडला. रोज पेपर कापून राहिला होता हा."

त्या खोलीत माझ्या माहितीप्रमाणे झालेले हे पहिले संशोधन.

"सर, तुमचं भोक वाकडं आहे, माझा तुकडा सरळ आहे. कडा पाहा ना!"

"बसते म्हणजे बसते."

"न्हाव्याच्या दुकानातला आहे तो. आणि ब्लेड कोणाच्या खणात आहे, तेही पाहू द्या या पोरांना!"

हे बोलताना मी दांडी उचलून टेबलावर आपटली. दांडी मधोमध मोडली. मला आयुष्यात राग नेहमी असाच आला आहे, बरोबर असताना. आणि मग बरोबर असण्याचा काही उपयोग राहत नाही.

प्रकरण प्राचार्यांकडे गेले. मी न्हाव्याला त्याच्या पेपरासह बोलावून आणले. तो बिचारा दुकान बंद करून आला, येता येता त्या सौद्यात आणखी एक रविवार वाढवून. प्राचार्यांच्या टेबलावर दोन पेपर ठेवले, एकाच पानावर एकाच जागी दोन भोके. माझा पुरावा पक्का होता. प्राचार्यांनी चष्मा पुसला, दोन्ही भोकांतून टेबलाकडे पाहिले आणि निकाल दिला, "म्हणजे यानं दोन्ही पेपर कापले."

"साहेब, पण तुकडा एकच आहे!"

"दुसरा कुठे ठेवला ते त्यालाच विचारा."

न्हावी माझ्या कानाशी म्हणाला, "बाबू, याइच्या हातून कधी दाढी नको करजो."

शेवटी तडजोड अशी ठरली की मी कापलेला भाग ग्रंथालयाच्या पेपरात परत चिकटवायचा, दांडीच्या जागी नवी दांडी आणायची आणि मग चिठ्ठी घ्यायची. म्हणजे नमुना चिकटवला तर चिठ्ठी आहे पण अर्ज नाही. नमुना ठेवला तर अर्ज आहे पण चिठ्ठी नाही. सरांनी हे बरोबर ओळखले होते. ते बडीशेप खात होते.

मी बसस्टँडवर हॉटेलात पळालो. तिथला पेपर फाडून आदल्या संध्याकाळीच भजी बांधून दिली होती.

"जाहिरातीचं पान कोणाले दिलं?"

"मी का पान वाचून भजी बांधतो बे?" हॉटेलवाला म्हणाला. मग आठवून म्हणाला, "मोठं पान होतं. कोंढ्याच्या त्या टेलरले दिलं, सोळा नग होते."

सायकल काढली आणि कोंढा गाठले. टेलरच्या घरी भजी संपली होती, पण कागद चुलीजवळ होता. टेलरच्या बायकोने तो दिला, आणि माझ्या तोंडाकडे पाहून पाणीही दिले. कागद इतका तेलकट होता की दोन्ही बाजूंचा मजकूर एकदमच वाचता येत होता. पण जाहिरात शाबूत होती.

ती मी ग्रंथालयाच्या भोकात चिकटवली. तेलावर डिंक धरत नव्हता, चार वेळा लावला. बाभळीची नवी दांडी आणून दिली. सरांनी रजिस्टर उघडले आणि लाल शाईने लिहिले: 'विद्यार्थ्याने कापलेला मजकूर परत केला. स्थिती, तेलकट.'

"सही कर."

"मी कापला नाही."

"मंग चिठ्ठी नाही."

तारखेला तीन दिवस होते. मी सही केली. बाजारात मी कधी पहिल्या भावाला माल घेतला नाही; तो एक सोडून.

न्हाव्याच्या नमुन्यावर अर्ज गेला. मुलाखतीला मी आणि सरांचा मेहुणा एकाच बाकावर बसलो होतो. त्याने मला विचारले, "तुमाले जाहिरातीचं कसं कळलं?" मी म्हणालो, "तुमच्या भाऊजीनं कळवलं." जागा तिसऱ्याच माणसाला लागली. त्याने पेपर पाहिलाच नव्हता.

मग मी नोकरीचा नाद सोडला. लाखनीला हायवेवर रिकाम्या पोत्यांचे दुकान टाकले, राइस मिलना बारदाना पुरवायला लागलो. भाव करताना समोरचा माणूस माझ्या डोळ्याला डोळा देत नाही असे लोक म्हणतात. दहाएक वर्षांनी माझ्या दुकानासमोर एक जीप थांबली. नवे प्राचार्य आणि तेच ग्रंथपाल सर. ग्रंथालयाला लोखंडी कपाट हवे होते. सर मला म्हणाले, "तुमच्यासारखे माजी विद्यार्थी म्हणजे आमचा अभिमान."

मी चहा मागवला. म्हणालो, "कपाट देतो. एक ओळ पाहिजे."

"कपाटावर नाव टाकू ना, मोठ्या अक्षरात."

"कपाटावर नको. तुमच्या रजिस्टरात, माझ्या सहीच्या खाली, तुमच्या हातानं. पेपर यानं कापला नव्हता, एवढंच."

प्राचार्यांना काही कळले नाही. सर चहाकडे पाहत म्हणाले, "जुनी गोष्ट हाय ते. रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. ऑडिट असते."

"खाडाखोड नाही सांगून राहिलो. खाली लिहा."

"पाहतो," सर म्हणाले.

'पाहतो' या शब्दाचा भाव मला ठाऊक आहे. मी कपाट पाठवले, उत्तम, भंडाऱ्याहून आणलेले, जाड पत्र्याचे. आणि कुलूप लावून पाठवले. किल्ली ठेवून घेतली. निरोप दिला की ओळ लिहून झाली की कळवा, किल्ली घेऊन स्वतः येतो.

निरोप देऊनही किल्ली नाही हे त्यांच्या लक्षात यायला आठ महिने लागले. त्या ग्रंथालयात बंद कपाट पाहून कोणाला नवल वाटण्याचे कारणच नव्हते. पुढे सर निवृत्त झाले. ओळ लिहिली नाही. मधे एकदा त्या बाजूला गेलो तेव्हा खिडकीतून डोकावलो. कपाट भिंतीशी उभे होते, त्याच्यावर जुन्या पेपरांचा गठ्ठा ठेवलेला होता. सर्वांत वरच्या पेपराला भोक होते.

किल्ली माझ्या गल्ल्यात आहे. भाव तोच आहे.