कोल्ड रूमखालची जमीन

आमच्या कोल्ड रूमचे किस्से कूलिंग कॉइलवरच्या बर्फासारखे साठतात. रोज एक पातळ थर, आणि खरवडायची पाळी नेमकी माझी.

नांदगाव पेठच्या एका फॅक्टरीत आम्ही मटार आणि सीताफळाचा गर गोठवतो. मी जिऑलॉजी दुसऱ्या वर्षाला नापास होऊन सोडली. हिमोढ, हिमगव्हर, पर्माफ्रॉस्ट, एवढे शब्द डोक्यात उरले. तीस वर्षं ऑपरेटर असलेले वानखडे काका मला ‘हिमालय’ म्हणतात. स्वतःचं ज्ञान वाढू नये म्हणून काकांनी फार कष्ट घेतलेत.

*

गेल्या उन्हाळ्यात मॅनेजरसाहेबांना पॅनलवर एक स्विच दिसला. फ्लोअर हीटर.

“आत वजा वीस करून राहिलो आन् खालून हीटर? कोन्या गाढवानं लावला?”

स्विच बंद. मी म्हणालो, “साहेब, खालची माती गोठंल. गोठली का फुगते. फ्रॉस्ट हीव्ह म्हणतात त्याले.”

काका म्हणाले, “साहेब, पोट्टं नापास आहे.”

विषय संपला.

*

दिवाळीच्या सुमारास रिकामी ट्रॉली आपोआप भिंतीकडे चालत गेली. फरशीला मधोमध टेंगूळ आलं होतं. काका भुताला घाबरले, मी मातीला. आपली काळी माती पाणी धरून बसते, आणि आता तिच्यात बर्फाचा थरावर थर चढत होता. किती खोल, कुणालाच माहीत नव्हतं.

काकांनी दारात नारळ फोडला. पाणी उंबऱ्यावरच गोठलं आणि त्याच्यावरून काकाच घसरले.

साहेब म्हणाले, “टेंगूळ तुमालेही आलं, काका.”

*

मग टेंगूळ पसरत दारापर्यंत आलं आणि दार फरशीला घासायला लागलं. फिटरनं खालची कड कापली. पंधरा दिवसांनी परत घासलं, परत कापली. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “साहेब, मी दार कापून राहिलो, पन जमीन वर येऊन राहिली.”

“तू दार काप.”

आत एकटा असलो की पायाखालून ‘कड्’ असा आवाज यायचा. मी पेट्या मोजणं सोडून दाराकडे बघत राहायचो.

*

जानेवारीत मी आणि काका आत असताना दार फरशीत रुतून बसलं. आतली खुंटी दाबली, लॅच सुटला, दार हललं नाही. खांदे लावले, लाथा मारल्या. काकांनी हातमोजे बाहेरच ठेवले होते, ‘सवय आहे’ म्हणून.

थोड्या वेळानं काका हळूच म्हणाले, “हिमालय, तुह्या पुस्तकात याच्या पुढं काय होते?”

“तिथंच सोडलं, काका.”

ते हसले नाहीत. मीही नाही.

बाहेरच्यांनी लोखंडी सब्बल घालून दार काढलं, तोवर काकांची बोटं पांढरी पडली होती.

आठवड्यानं काका कामावर आले, दोन्ही हातांना पट्ट्या. थेट पॅनलपाशी गेले आणि कोपरानं हीटरचा स्विच चालू केला.

साहेब केबिनमधून ओरडले, “काका, बंद करा ते.”

“नाही जमत, साहेब. बोटं वाकत नाहीत.”