काठमांडूच्या दूतावासाशी आबा काय बोलले

आधीच सांगतो, भूतखेत मानणाऱ्यांची मला कीव येते. आमचं घर बावीस प्रतिज्ञांचं. या ग्रुपवरचे भुतांचे अनुभव मी वाचतो ते फक्त हसायला. चौसाळ्याला हायवेवर माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, त्यामुळे अडाणीपणा रोज समोर बसलेला असतोच.

गेल्या वर्षी आई विहारातल्या बायकांबरोबर बसने लुंबिनी-काठमांडूला गेली. नेपाळला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, मतदान कार्ड चालतं. आणि जगाचे फॉर्म भरणाऱ्याच्या आईने नेलं कुणाचं? आबांचं! माझ्या वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली, पण दोघांची कार्डं अजून एकाच पाकिटात. जाताना नाक्यावर कुणी पाहिलंसुद्धा नाही.

मग दोन्ही देशांचं कशावरून तरी बिनसलं. टीव्हीवरचे दीडशहाणे स्टुडिओत बसून लढाया जिंकायला लागले आणि सरहद्दीवर तपासणी कडक झाली. टूरवाल्याने काठमांडूतच सगळ्यांची कार्डं बघितली, तेव्हा घोळ कळला. तो आईला आपल्या दूतावासात घेऊन गेला. घरच्या कुणी फोनवर ओळख पटवली तर कागद मिळणार होता... नाहीतर सकाळी बस तिला तिथेच सोडून निघणार होती.

दुपारी मला +९७७ वरून फोन आला.

"भारतीय दूतावास से बोल रहा हूँ. आपकी माताजी यहाँ..."

"डिजिटल अरेस्ट का? चल बे, दुसरं गिऱ्हाईक बघ!"

तीनदा आला. तिसऱ्यांदा शिव्या घालून नंबर ब्लॉक केला आणि दुकानातल्या लोकांना फ्रॉड कसा ओळखावा यावर भाषणही दिलं.

चार दिवसांनी आई घरी आली, तेव्हा सगळं कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्याजवळच्या कागदावर लिहिलं होतं — पतीने दूरध्वनीवर ओळख पटवली.

"पतीने? आई, कुणाचा नंबर दिलास?"

"तुझा लागंना. मग त्यांनी मालकाचा इचारला, मी सांगितला. तोच तर तोंडपाठ हाय."

"अगं, आबा वारलेत हे सांगितलं न्हाईस?"

"ते कुठं इचारलं त्यांनी?"

आबांचं सिमकार्ड मी स्वतः कात्रीने कापलं होतं. नंबर लावून पाहिला — अस्तित्वात नाही. म्हटलं, साहेबांनी कंटाळून ठोकून दिलेलं दिसतंय! मस्त खिल्ली उडवावी म्हणून दूतावासाला फोन केला. साहेब शांतपणे म्हणाले, "मीच बोललो त्यांच्याशी. तुमच्या आईंच्या ओळखीची खूण विचारली. उजव्या दंडावर कोयत्याचा वण आहे, म्हणाले. आमच्या ऑफिसातल्या बाईंनी तपासलं, वण होता."

मी आईकडे बघितलं. तिने झंपराची बाही वर केली. ऊसतोडीच्या फडातला वण... चाळीस वर्षांत मला माहीत नव्हता.

साहेब पुढे म्हणाले, "मी त्यांना सांगितलं, मुलाला पुन्हा लावून बघतो. तर म्हणाले — 'उसको मत लगाव साहब, वो किसीकी सुनताच नै.'"

ही हिंदी आबांचीच. माझ्याबद्दलचं मतही त्यांचंच.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा. मी मध्ये बोलणार नाही.