सिंहाला घातलेले टाके

इकडे ये, अशी जवळ बस. लांबून बोललेलं मला हल्ली ऐकू येत नाही आणि लांबून नीट रागावताही येत नाही. इथे कलकत्त्यातच सॉल्ट लेकला बदली होऊन आलीस त्याला चार महिने झाले. त्यातले पंधरा दिवस आफ्रिकेला फिरून आलीस, मला फोनवर सिंहाचे सतरा फोटो पाठवलेस, पण शहराच्या या टोकाला, बेहालाला यायला तुला एक रविवार सापडेना. माझ्या धाकट्या बहिणीची नात ना तू? शोभतं का हे? आणि वर लिहितेस, आजी, तू काही सिंह इतक्या जवळून पाहिला नसशील. अगं, सिंहाच्या तोंडात हात घातलाय मी, कोपरापर्यंत. ऐक आता, आणि तो फोन उपडा ठेव.

आम्ही कलकत्त्याला आलो ते साठचं दशक संपता संपता. ह्यांची फोर्ट विल्यममध्ये बदली झाली होती, मुलकी कारकून म्हणून. सरकारी घर मिळेना, म्हणून बेहालात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. खाली मालक राहायचे आणि खालीच त्यांचा कारखाना. कारखाना कसला, असं ह्यांनी विचारलं होतं हो. मालक म्हणाले, चामड्याचा. ह्यांना वाटलं, चपला. पहिल्या दिवशी सकाळी मी दुधाला उतरले तर जिन्याखाली अस्वल उभं. शिकारी लोकांनी मारून आणलेल्या जनावरांची कातडी कमवायची, त्यात पेंढा भरायचा, डोळे बसवायचे आणि जनावर जिवंत होतं तसं उभं करायचं, हा त्यांचा धंदा. मी किंचाळले खरी, पण जिना परत चढेपर्यंत भीती गेली आणि डोक्यात एकच राहिलं, की याचे डोळे कशाचे असतील?

ते काचेचे असतात. जीभ मेणाची. हे सगळं मी त्याच आठवड्यात विचारून घेतलं. मालकांना सगळी गल्ली मास्टरमोशाय, म्हणजे मास्तरसाहेब म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. मी चौथी शिकलेली बाई, पुढचं सगळं विचारूनच शिकले. बंगालीसुद्धा त्यांच्या बायकोला ‘हे काय, ते काय’ विचारूनच आलं मला.

एकदा मी गच्चीवर गोधडी घालत बसले होते. मास्टरमोशाय कातडी वाळत घालायला आले आणि गोधडीचं टोक हातात घेऊन टाके बघत राहिले. त्यांची नजर अधू होत चालली होती. पापणीपाशी, ओठापाशी बारीक शिवण असते ती त्यांना जमेनाशी झाली होती. बंगालीत सूनबाईला म्हणतात तसं म्हणाले, बौमा, माझ्यासाठी शिवशील? ह्यांनी ते ऐकल्यावर दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, बूट काढता काढता विचारलं, "आज कोण आहे खाली?" मी म्हटलं, सांबर. म्हणाले, शिंगं केवढी आहेत? झालं, परवानगी मिळाली. सासूबाईंना पत्रात ‘शिवणकाम धरलं आहे’ एवढंच कळवलं. खोटं काय होतं त्यात?

कातडं ओलसर असताना शिवायचं, आतल्या बाजूने, मेण लावलेल्या दोऱ्याने. सुईला तीन धारा असतात, बोटात गेली की कळतं. प्रत्येक टाक्याआधी बाहेरचे केस विंचरून बाजूला करायचे, एकही केस टाक्यात सापडता कामा नये. सापडला तर तिथे खळी पडते आणि मग जन्मभर दिसते. गोळीचं भोक बुजवायचं तर आधी त्याच्या कडा डोळ्याच्या आकारात कापून घ्यायच्या, मग ओढायचं. मला ते फार छान जमायचं. आता सांगायला काय हरकत आहे?

त्या वर्षी दुर्गापूजेच्या सुट्ट्या संपल्या आणि एक माणूस मोटारीतून पत्र्याची पेटी घेऊन आला. पस्तिशीचा असेल, चहाच्या कारखान्यांची यंत्रं बसवणारा इंजिनिअर. कंपनीने त्याला दीड वर्ष पूर्व आफ्रिकेत पाठवलं होतं, तिथल्या चहाच्या मळ्यांवर. पेटी उघडली तर मिठात घातलेलं, घडी केलेलं सिंहाचं कातडं. मास्टरमोशायांनी जन्मात वाघ-बिबळे शेकड्यांनी पाहिले होते, पण सिंह त्यांच्याही दाराशी पहिल्यांदाच आला होता. त्यांनी आधी हात धुतले आणि मग घडी उलगडली.

या माणसाचे वडील डुआर्समध्ये, हिमालयाच्या पायथ्याशी, चहाच्या मळ्यावरचे डॉक्टर होते आणि त्या भागातले नावाजलेले शिकारी. वाघ माणसं मारायला लागला की आजूबाजूचे मळेवाले त्यांनाच बोलवायचे. आता काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. त्यांनी सिंह कधी पाहिला नव्हता. मुलाने लहानपणापासून त्यांच्या वाघांच्या गोष्टी ऐकलेल्या, पण स्वतः कधी बंदूक धरलेली नाही. आफ्रिकेत गेल्यावर त्याच्या मनाने घेतलं की बाबांसाठी सिंह न्यायचा. साठवलेलं सगळं घालून तो तिथल्या शिकारीच्या सहलीला गेला. आयुष्यातली पहिली.

कातडं भिजत घालणं, कमावणं यात दीडेक महिना जातो. तो दर शनिवारी बघायला यायचा आणि मी त्याला सोडायची नाही. सहल म्हणजे काय, तिकीट असतं का? तर असतं, म्हणाला, परवाना काढावा लागतो, कुठलं जनावर, किती, सगळं लिहिलेलं. बरोबर एक गोरा वाटाड्या, त्याला हा साहेबच म्हणायचा, आणि एक तिथला माग काढणारा म्हातारा. पहिल्या दिवशी साहेबाने याला झाडाला लावलेल्या कागदावर गोळ्या झाडायला लावल्या आणि काही बोलला नाही. मग चार दिवस नुसतं चालवलं. खाकी घाल, साबण लावून अंघोळ करू नको, बोट दाखवू नको, हनुवटीने दाखव. माग काढणाऱ्याकडे मोज्यात भरलेली राख होती. दर थोड्या वेळाने तो मोजा हलवायचा आणि राख कुठे उडते ते बघायचा, म्हणजे वारा कळतो. मला ते इतकं आवडलं की मी ह्यांचा जुना मोजा घेऊन गच्चीवर करून पाहिलं. वाळत घातलेल्या साड्या पुन्हा धुवाव्या लागल्या.

आणि मग पाचव्या पहाटे? मी विचारलं. तो म्हणाला, पाचव्या पहाटे सिंह दिसला, झाडाखाली आडवा उभा होता, कूस आमच्याकडे, मी गोळी झाडली, सिंह मेला. एवढंच. ज्या माणसाने राखेवर अर्धा तास सांगितलं त्याने सिंह एका दमात उरकला.

याला उभा करायचा नव्हता, डोकं तेवढं भरून बाकीचं गालिच्यासारखं पसरायचं होतं; ते ओठ शिवतानाच मी त्याच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला. कातडं शिवायला माझ्याकडे आलं तेव्हा मला दिसलं की भोकं दोन आहेत. एक छातीवर, गळ्याच्या खाली, समोरून. दुसरं बरंच मागे, पोटाला. आडव्या उभ्या सिंहाला समोरून छातीत गोळी कशी लागेल? मी शनिवारची वाट पाहिली आणि तो आल्या आल्या विचारलं, की दोन गोळ्या लागल्या का?

तो खुर्चीत बसला. म्हणाला, "एक माझी, एक साहेबाची."

"तुमची कुठली?"

त्याने हनुवटीने पोटाकडे दाखवलं.

मग खरं निघालं. त्याने वडिलांना आफ्रिकेहून पत्र लिहिलं होतं, एका गोळीत, समोरून छातीत. म्हातारा ते पत्र घरात येणाऱ्या प्रत्येकाकडून वाचून घ्यायचा. पोस्टमनकडूनसुद्धा वाचून घेतलं होतं. मास्टरमोशायांना तो म्हणाला, छातीवरचं भोक तसंच राहू द्या, बाबा त्यात बोट घालून पाहणार आहेत. मागचं मात्र असं शिवा की बोटाला कळता कामा नये. आणि मला वहिनी म्हणून हाक मारत म्हणाला, "बौदी, त्यांच्या आयुष्यात आता एवढंच आहे. आणि त्यांना दाखवायला माझ्याकडेही एवढंच."

मास्टरमोशाय म्हणाले, गिऱ्हाईक सांगेल ते शिवायचं. मी शिवलं. दोन दिवस लागले. वरून मीच हात फिरवून पाहिला, मलाच सापडेना. पण मन कातड्याच्या पोटात अडकलं होतं. पोटात गोळी खाऊन तो गेला कुठे? मग समोरून कसा आला? त्याला विचारलं तर म्हणायचा, पुढे काही नाही, सिंह मेला.

आतून अस्तर लावायचं होतं, लाल बनातीचं. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मोटार थांबली. म्हाताऱ्याला धीर निघाला नव्हता. मुलाने दोन-तीनदा टाळलं होतं म्हणे, आज त्यांनी कपडे घालून, काठी घेऊन दारातच ठाण मांडलं. उंच, सडपातळ, पांढरंशुभ्र धोतर. मास्टरमोशायांनी मला कातडं टेबलावर पसरायला सांगितलं. मुलगा दाराशीच उभा राहिला. त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही.

म्हाताऱ्याने आधी आयाळीत दोन्ही हात घातले. मग मिशा, मग कान, मग पंजे, नख न् नख. छातीवरचं भोक सापडलं, त्यात बोट घातलं, मान हलवली. मला वाटलं, सुटलो. पण माणूस पडला डॉक्टर. त्यांनी कातड्याची कड उचलली आणि हात आत घातला, उलट्या बाजूने, आणि पाठीपासून खाली तपासत आले. पोटापाशी हात थांबला.

"मा," ते म्हणाले. बंगाली म्हातारे सुनेच्या वयाच्या बाईला मा म्हणतात. "टाके सुरेख आहेत. काय होतं इथे?"

मुलाने मान खाली घातली होती. मी काय सांगायचं? कापताना फाटलं म्हटलं असतं तर खपलं असतं. पण ते बोट टाक्यांवर होतं आणि त्या बोटाला मला फसवता येईना.

"भोक होतं, डॉक्टरबाबू. शिवलं."

"कसलं?"

मग दारातून आवाज आला. "माझ्या गोळीचं, बाबा. छातीतली साहेबाची आहे."

मास्टरमोशाय उगीच ब्रश धुवायला लागले. म्हातारा टाक्यांपासून शेपटीपर्यंत वीत घालून मोजत होता. "पोटात," म्हणाला. "मग पळाला असेल. किती वेळ?"

काटेरी झुडपांत घुसला, मुलाने सांगितलं. साहेब दगडावर बसला, त्याने पाईप पेटवला. अर्धा तास कोणी हलायचं नाही, जखमी जनावर आधी गळू दे, म्हणाला.

"बरोबर आहे त्याचं. पण त्या जनावराने अर्धा तास पोटात गोळी घेऊन काढला." म्हातारा मागच्या खुर्चीत बसला. "मग आत कोण गेलं?"

मुलगा म्हणाला, पुढे माग काढणारा, मग साहेब, मग मी. साहेब म्हणाला होता, तुम्ही गाडीत थांबलात तरी चालेल. मी म्हटलं, येतो. काटे इतके की रांगत जावं लागलं. सिंह वीसेक पावलांवरून सरळ आमच्यावर आला. साहेबाने गोळी घातली. "मी काहीच केलं नाही, बाबा. बंदूक खांद्याला लावता आली नाही मला. नुसता मागे होतो."

म्हाताऱ्याने काठी चाचपली. मला वाटलं, आता उठून जातील.

"गाढवा," ते म्हणाले, "हे पत्रात लिहायचं सोडून तू ते भलतंच लिहिलंस?" आणि माझ्याकडे वळून, "मा, हे टाके उसव. ते भोक त्या जनावराचं आहे. त्याने सोसलंय. ते झाकायचं नाही."

मी कात्री घेतली. दोन दिवसांचं काम, मेण लावलेला दोरा, पटकन निघतो का तो? उसवत बसले आणि ते दोघं बोलत बसले. म्हणजे म्हातारा विचारायचा, झुडपं किती उंच, रक्त काळं होतं की लाल, सिंह आधी ओरडला की आधी आला, आणि मुलगा सांगायचा. आधी अडखळत, मग भरभर. मला राहवलं नाही. मी मध्येच विचारलं, त्याला वास कसला येत होता हो?

म्हातारा हसला. दात नव्हते फारसे. मुलाच्या आवाजाकडे तोंड करून म्हणाला, "सांग. वाघाचा मला माहीत आहे. सिंहाचा नाही माहीत."

मुलगा थोडा वेळ आठवत राहिला. म्हणाला, भिजलेल्या तागाच्या पोत्यांसारखा, आणि त्यात कुठेतरी तापलेला तवा. म्हातारा मान पुढे करून ऐकत होता, लहान मुलं ऐकतात तसा. म्हणाला, पुन्हा सांग.

दोन-तीन वर्षांनी आपल्याकडे शिकारीवर बंदी आली आणि कारखाना मिटला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, खरं सांगते. जनावरं जिवंत बरी. पण टाके उसवले त्या संध्याकाळी मी वरच्या खिडकीतून पाहिलं, मोटार गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि ते दोघं तिच्याकडे चालत निघाले होते. म्हाताऱ्याचा हात मुलाच्या कोपरावर. चार पावलं चालायचे, म्हातारा थांबायचा, काहीतरी विचारायचा, मुलगा हात पसरून सांगायचा, मग पुन्हा चार पावलं. तेवढी गल्ली ओलांडायला त्यांना पाव तास लागला. मी वर उभी, आणि काय विचारत होते ते एक अक्षर ऐकू येईना. इतका राग आला मला.

तर बाई, आता पुन्हा अशी चार महिने गडप होऊ नकोस. माझे गुडघे जिना उतरू देत नाहीत, नाहीतर मीच आले असते. येत्या रविवारी सकाळीच ये, जेवायला राहा, आणि घाईत येऊ नकोस. मला तुला खूप काही विचारायचं आहे.